अर्धा तास फिजिओ, उरलेला दिवस घरचा: मेंदूच्या दुखापतीनंतर या चुका टाळा

डिस्चार्ज मुंबईच्या केईएममधून मिळो, सायनमधून किंवा एखाद्या खासगी हॉस्पिटलातून, घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: फिजिओ रोज येईल ना? येईल, पण अर्धा-पाऊण तास. उठवणं, बसवणं, भरवणं, कूस बदलणं हे सगळं उरलेल्या वेळात होतं आणि बिघाडही बहुतेक तेव्हाच होतात.

लुळा हात धरून ओढणं

ही चूक जवळपास प्रत्येक घरात होते. लुळ्या हाताचं वजन खांद्याचे सैल स्नायू पेलू शकत नाहीत, त्यामुळे हाड खोबणीतून खाली सरकतं. खांद्याच्या टोकाखाली बोटभर खड्डा हाताला लागतो तो त्यामुळेच. अशा वेळी बगलेत हात घालून उचललं किंवा मनगट धरून ओढलं, की सांध्याभोवतीच्या ऊती ताणल्या जातात. मग खांदा दुखतो, आणि दुखतो म्हणून रुग्ण कुठलाच व्यायाम करू देत नाही.

आधार कमरेला किंवा पाठीमागे खांद्याच्या फऱ्याला द्या. कमरेला रुंद पट्टा बांधला तर धरायला सोपं जातं. दहा बाय बाराच्या खोलीत पलंगाला दोन्हीकडून जागा नसते, म्हणून समोर आलेला हात ओढला जातो. पलंगाची जागा ठरवताना याचाच विचार आधी करा. चाकाची खुर्ची शक्यतो रुग्णाच्या चांगल्या बाजूला, पलंगाला थोडी तिरकी ठेवा, ब्रेक लावा, पावलं जमिनीवर टेकवा आणि मगच ‘पुढे वाका, उठा’ म्हणा. बसल्यावर लुळा हात उशीवर ठेवा, मांडीवरून लोंबकळू देऊ नका. दाराला दोरी अडकवून चांगल्या हाताने लुळा हात वर खेचण्याचा ‘कप्पीचा व्यायाम’ थेरपिस्टने सांगितल्याशिवाय करू नका. मूठ घट्ट आवळली जात असेल तर रबरी चेंडू दाबायला देणंही बहुधा उलटंच पडतं.

चहात बुडवलेली खारी

ठसका लागला नाही म्हणजे घास नीट गेला, असं समजू नका. मेंदूच्या दुखापतीनंतर खोकण्याची जाणीवच बोथट झालेली असू शकते. अन्न श्वासनलिकेत उतरतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. दोन दिवसांनी ताप येतो, छाती भरते आणि पुन्हा भरती करावं लागतं.

सर्वांत धोक्याचं साधं पाणी, कारण ते पातळ असल्याने झर्रकन खाली पळतं. नारळपाणी आणि चहाही त्याच जातीचे. पातळ आणि घट्ट एकत्र असलेले पदार्थ तर आणखी अवघड: चहात बुडवलेली खारी, दुधातले पोहे, शितं वेगळी राहिलेली पेज. त्यापेक्षा मऊसूत, एकजीव खिमट बरं. पाणी किती घट्ट करायचं, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून ठरवून घ्या.

भरवताना रुग्ण ताठ बसलेला हवा, टीव्ही बंद हवा. चहाच्या चमच्याएवढा घास द्या आणि गिळून झाल्यावरच पुढचा. मधूनमधून ‘आ’ म्हणायला सांगा. आवाज ओला, घरघरता आला तर थांबा. शेवटी लुळ्या बाजूच्या गालात बोटभर भात साठलेला सापडतो, तो काढून तोंड पुसा. त्यानंतर अर्धा तास आडवं करू नका.

नाकातून नळी असेल तर डोकं 30 ते 45 अंश वर ठेवा. नळीवरची नाकाजवळची खूण सरकली असेल तर काहीही घालू नका, आधी नर्सला दाखवा. सिरिंजचा दांडा दाबून ढकलू नका, आपोआप उतरू द्या. आधी आणि नंतर साधारण 30 मिलिलिटर पाणी घाला, नाहीतर नळी तुंबते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटू नका. त्या डॉक्टरांकडून बदलून घ्या.

‘आळशी झालाय’, ‘चिडका झालाय’

मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की काम सुरू करण्याची चावीच हरवते. ‘आंघोळ करून घे’ म्हटल्यावर तो नुसता बघत राहतो. ‘टॉवेल घे’ एवढंच म्हणा आणि दहा सेकंद थांबा. एकामागून एक सूचना दिल्या की गोंधळ वाढतो, आणि गोंधळातून चिडचिड. भेटायला येणाऱ्यांची रांग, चालू टीव्ही आणि तिघांचं एकाच वेळी बोलणं, एवढं थकल्या मेंदूला पुरेसं होतं. भेटी दोन माणसांपुरत्या, पंधरा मिनिटांच्या ठेवा. वाद घालून त्याला पटवत बसू नका, विषय बदला.

अचानक ढासळलं तर

हातपाय एकाएकी जास्त कडक झाले तर लगेच व्यायाम वाढवू नका. आधी लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठता, पाठीवरची जखम, बोटात रुतलेलं नख तपासा. याउलट गुंगी वाढत असेल, उलट्या होत असतील, सुधारलेली चाल पुन्हा बिघडली असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर ‘थकलाय’ म्हणून सोडू नका. डोक्यात पाणी किंवा रक्त साठणं आणि सोडियम उतरणं, यांत असंच दिसतं. कवटीचं हाड काढलेलं असेल तर त्या बाजूवर झोपवू नका. ती जागा फुगून ताठ झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

फिट आली तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालणं, कांदा हुंगवणं, हातपाय दाबून धरणं, सगळं टाळा. घड्याळ बघा: पाच मिनिटांपुढे गेली किंवा लागोपाठ आली तर 108 ला फोन. आणि ‘आता बरा आहे’ म्हणून फिटच्या गोळ्या स्वतःहून बंद करणं, हे तर अनेक फिट्सचं कारणच असतं.

‘सहा महिन्यांनी काही होत नाही’ असं ऐकून थेरपी सोडणारेही बरेच असतात. पहिल्या महिन्यांत वेग जास्त असतो हे खरं, पण सुधारणा त्यानंतरही चालू राहते. खर्च परवडत नसेल तर हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था किंवा पालिका हॉस्पिटलांची ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा शिकवणारी) ओपीडी गाठा.

राहिली गोष्ट ब्युरोच्या, म्हणजे घरी रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या मावशींची. बारा तासांनी माणूस बदलतं आणि माहिती तिथेच गळते. पलंगाशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवा: लुळी बाजू कोणती, पाणी किती घट्ट, शेवटची कूस किती वाजता बदलली (दर दोन तासांनी), शौच कधी झालं, फिट आल्यास काय करायचं. ड्युटी बदलताना जाणारीने येणारीला तो मोठ्याने वाचून दाखवायचा.