मोठा प्रश्न माइकवर आणू नका

‘पाणीप्रश्न’ या विषयावर कधीही कार्यक्रम करू नका. तासभर सगळे बोलतील, शेवटी ‘शासनाने याकडे लक्ष द्यावे’ असं म्हणून उठतील, आणि ऐकणारी बाई पहिल्या दहा मिनिटांतच भाकरी थापायला निघून गेलेली असेल. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर मी आठवड्यातून एकदा तासाभराचा थेट कार्यक्रम करते. माणसं गावातली, प्रश्नही गावातलेच. नवीन पोरापोरींना शिकवताना पहिली गोष्ट हीच सांगते, की समोर बसणाऱ्या माणसाच्या हातात जेवढं आहे तेवढाच प्रश्न त्याला विचारायचा. ‘पाणीप्रश्न’ नको. ‘टँकर विहिरीत ओततात, मग ज्यांना शेंदता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांनी पाणी कसं घ्यायचं?’ एवढा असू दे. याला उत्तर देणारा माणूस तालुक्यात सापडतो.

प्रश्न लहान कसा करायचा? विचारत जायचं. समजा, ‘रेशन मिळत नाही’ अशी तक्रार आली. कुणाला मिळत नाही? सासूबाईंना. दुकान बंद असतं का? नाही, उघडं असतं. मग? मशीनवर अंगठा उठत नाही. का? आयुष्यभर खुरपं धरून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. आता विषय मिळाला: अंगठा उठला नाही तर दुसरा मार्ग कोणता, आणि तो दुकानदारानं सांगायचा की आपण मागायचा? यासाठी आमदारांची गरज नाही. तहसीलमधले पुरवठा निरीक्षक पुरतात, आणि ते यायची शक्यताही जास्त.

पाहुणे तीनच ठेवा. एक, ज्याला त्रास होतोय. दुसरा, ज्याच्या सहीनं तो मिटू शकतो. तिसरा मात्र बहुतेक जण विसरतात: ज्यानं हेच काम चकरा मारून करून घेतलंय. लोक कागद-पेन घेऊन ऐकतात ते या तिसऱ्याचं. कुठल्या टेबलाला जायचं, कुठली झेरॉक्स लागते, कुठल्या वारी साहेब असतात, हे साहेबापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक असतं. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या सचिव या जागेवर फार उपयोगी पडतात. चौथा पाहुणा आला की सत्कार समारंभ सुरू होतो.

पाहुण्याला आधी त्याच्या घरी जाऊन भेटा. चहा घ्या, पण गोष्ट ऐकून घेऊ नका. हे विचित्र वाटेल, पण पडवीत मनापासून सांगून झालेली गोष्ट माणूस माइकसमोर पुन्हा तशी सांगत नाही. दुसऱ्यांदा तो ‘मी तुम्हाला मघाशी बोललो तसं’ म्हणून तीन वाक्यांत गुंडाळतो. म्हणून घरी फक्त तपशील जुळवा: तारखा, कागद, नावांचे उच्चार. बाई गोष्टीकडे वळली की सरळ म्हणा, ‘मावशी, हे तिथं सांगा.’

अधिकाऱ्याचं तंत्र वेगळं. त्यांना केंद्राच्या लेटरहेडवर पत्र द्या, त्यात तीन प्रश्न लिहा, आणि तेच तीन विचारा. एखाद्याला हवेत, म्हणजे थेट प्रसारणात, गाठून कोंडीत पकडायची हौस टीव्हीवाल्यांना परवडते. आपल्या तालुक्यात पुरवठा निरीक्षक मोजकेच, ते पुन्हा आले नाहीत तर कुणाला बोलावणार? पण उत्तर मोघम आलं तर सोडायचंही नाही. ‘प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे सादर केला आहे’ हे वाक्य येणारच. त्यावर आवाज न चढवता विचारा: ‘साहेब, कोणत्या तारखेला? जावक क्रमांक सांगता का, म्हणजे लोकांना पाठपुरावा करता येईल.’ जावक क्रमांक असेल तर ते सांगतात, आणि नसेल तर ऐकणाऱ्यांना ते आपसूक कळतं. तुम्ही काही बोलायची गरज नाही.

खोलीबद्दल थोडंसं. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून आवाज घुमायचा थांबत नाही. जाड सोलापुरी चादरी दुहेरी करून टांगा, टेबलावरही एक घाला. साहेबांना टेबल बडवत बोलायची सवय असते. बांगड्या वाजतात म्हणून कुठल्याही बाईला त्या काढायला सांगू नका. हात मांडीवर ठेवा म्हणावं, तेवढं पुरतं. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला असावा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ फुटत नाहीत. पंखा बंद. मे महिन्यात जीव जातो, पण गाणं लागलं की दार उघडता येतं.

खरी कसोटी फोनची. फोन थेट हवेत कधीच घेऊ नका. बाहेरच्या खोलीत एक जण बसवा. तो नाव, गाव आणि प्रश्न वहीत लिहील, आणि ‘तुमचा रेडिओ बारीक करा’ असं बजावेल. नाहीतर रेडिओतला आवाज फोनमध्ये शिरून जी शिट्टी वाजते, तिनं निवेदकाच्या कानठळ्या बसतात. फोन बहुतेक पुरुष लावतात, आणि मागून एक बारीक आवाज येत असतो: ‘अहो, ते सांगा की, दोनदा गेलते म्हणून.’ तो आवाज ऐकला की मी म्हणते, ‘भाऊ, ताईंनाच द्या जरा फोन.’ दोनदा चकरा मारल्या तिनं, म्हणजे प्रश्न तिचाच असतो. ज्यांना थेट बोलायचा संकोच आहे त्या व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. अर्ध्या मिनिटाच्या वर गेला तर काटा, पण वाक्याच्या मध्ये नको.

कोणी नाव घेऊन आरोप करायला लागला तर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली घ्यायला लाजू नका. ‘दादा, माणसाचं नाव नको, काम काय अडलंय ते सांगा’ एवढं म्हणून पुन्हा वर घ्या. आणि काही ओळखी आपणही लपवायच्या. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बाईची किंवा मुलाची ओळख उघड करणं हा कायद्यानं गुन्हा आहे. वीस घरांच्या वस्तीचं नाव सांगितलं तरी ओळख उघड होते. तिथं ‘आपल्या तालुक्यातल्या एक ताई’ एवढंच.

नियम माहीत नसतील तर केंद्राचा परवाना अडचणीत येतो. सामुदायिक रेडिओला परवानगी २००२ पासून शिक्षणसंस्थांना मिळू लागली आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठीही दार उघडलं. म्हसवडचं माणदेशी तरंग किंवा बारामतीचं शारदा कृषी वाहिनी यांच्यासारखी केंद्रं त्यातूनच उभी राहिली. आपल्याला स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या लावायच्या तर जशाच्या तशा. वीज, पाणी, परीक्षा, रोजगार, हवामान, साथीचे रोग, जत्रा यांची स्थानिक माहिती मात्र चालते, आणि आपल्या कार्यक्रमाचं बहुतेक सगळं यातच बसतं. अडतं ते निवडणुकीत. ग्रामपंचायतीला पक्षाची चिन्हं नसतात म्हणून बिनधास्त राहू नका, पॅनेल असतातच. त्या काळात सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच, कुणीच स्टुडिओत नको. लसीकरण, खतं, दहावीनंतरचे प्रवेश असे विषय घ्या. प्रसारित झालेल्या प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवणं बंधनकारक आहे, तेव्हा फाइलला तारीख आणि विषय त्याच दिवशी लिहा.

पैशाचं सांगायचं तर २०२४ मध्ये जाहिरातीची मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटांवर गेली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ झाला. गावातली दुकानंही जाहिरात देतात. बी-बियाण्याच्या दुकानाची जाहिरात घ्या, पण बोगस बियाण्यावरच्या कार्यक्रमाला तोच दुकानदार प्रायोजक नको. ऐकणारे पंधरा किलोमीटरच्या आतले असतात. कोण कुणाचा मेव्हणा आहे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

वेळ ठरवताना संध्याकाळी सातनंतर मालिकांशी स्पर्धा करू नका. हरायलाच होतं. सकाळी अकराच्या सुमारास बाया कामात असतात, पण कान मोकळे असतात. पुन:प्रसारण पहाटे ठेवा. दूध घालायला जाणारे तेव्हा ऐकतात.

पुढच्या भागाची पहिली पाच मिनिटं मागच्या भागासाठी राखून ठेवा. साहेबांनी ‘पंधरा दिवसांत करतो’ म्हटलं असेल तर सोळाव्या दिवसानंतरच्या भागात, सुरुवातीलाच, त्यांना फोन लावा. झालं असेल तर त्यांच्याच तोंडून ऐकवा, त्यांनाही बरं वाटतं. फोन उचलला नाही तर ‘साहेबांशी संपर्क होऊ शकला नाही, पुढच्या भागात पुन्हा प्रयत्न करू’ एवढंच म्हणा. टोमणा मारू नका.

आणि कार्यक्रम संपला की बाहेरच्या खोलीतला माणूस लगेच उठवू नका. अजून अर्धा तास तरी बसू दे. हवेत बोलायचं नव्हतं अशांचे फोन तेव्हा येतात, आणि ते वहीत वेगळ्या पानावर लिहायचे असतात.