ब्लोअर थांबवताना व्हीएफडी ट्रिप होत असेल तर
७.५ किलोवॅटचा ब्लोअर सुरू व्हायचा व्यवस्थित. थांबवताना मात्र व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) दर वेळी ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप व्हायचा. फक्त थांबताना ट्रिप होत असेल तर सप्लायला दोष देऊ नका. व्हीएफडी फ्रिक्वेन्सी भराभर उतरवतो, जड पंखा मात्र फिरतच राहतो, आणि मोटर जनरेटर बनून ऊर्जा ड्राइव्हच्या आतल्या डीसी व्होल्टेजच्या भागात, म्हणजे डीसी बसमध्ये, परत ढकलते. ४१५ व्होल्ट सप्लायवर हा बस साधारण ५८७ व्होल्टचा असतो. ८०० च्या आसपास गेला की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला बंद पडतो.

डिसेलरेशन टाइम (वेग शून्यावर आणायचा वेळ) १० वरून ६० सेकंद केला आणि ट्रिप थांबली. ‘कोस्ट टू स्टॉप’ही (पॉवर तोडून पंखा आपोआप थांबू देणे) चालते, पण मग फ्लाइंग स्टार्ट (फिरत्या मोटरचा वेग ओळखून तिथूनच सुरू करणारी सेटिंग) चालू ठेवाच, नाहीतर फिरत्या पंख्यावर पुन्हा स्टार्ट दिला की ओव्हरकरंट येतो. परत आलेली ऊर्जा उष्णतेत जिरवणाऱ्या ब्रेकिंग रेझिस्टरचा खर्च झटपट थांबवणे गरजेचे असेल तरच करावा, आणि त्याचे ओहम मॅन्युअलमधल्या किमान आकड्याखाली नकोत.

सोबत व्ही/एफ कर्व्ह (कोणत्या फ्रिक्वेन्सीला मोटरला किती व्होल्टेज द्यायचे ते) लिनियरऐवजी स्क्वेअर केला. पंख्याला कमी वेगात टॉर्क कमीच लागतो. खरी बचत मात्र वेग उतरवण्यात आहे: डँपर (हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडा ठेवून ५० ऐवजी ४० हर्ट्झवर चालवले, तर शाफ्टवरची पॉवर जवळपास निम्मी होते.