पोरगं रात्रभर खाजवतं तेव्हा आईबापांनी काय करायचं

एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजरे चट्टे उठण्याचा आजार) असलेल्या लेकराच्या घरात सगळ्यात जास्त कोण दमतं, तर जो रात्री उठतो तो, आणि बहुतेक घरांत ती आईच असते. दिवसभर डबा, ऑफिस, घरकाम, आणि रात्री दोनला अंधारात नखांची खरखर ऐकू येते, लाइट लावून बघावं तर कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे सोलवटलेलं, चादरीवर रक्ताचे ठिपके, आणि मग डोकं सुरू होतं, आत्ता क्रीम लावू का, किती लावू, काल अंडं दिलं त्याने झालं का, डॉक्टर बदलू का. खाज रात्री वाढतेच, ती पूर्णपणे आपल्या हातात नाही. पण काय करायचं हे ठरवण्याचं काम रात्रीतून काढून दिवसा आणता येतं, आणि टेन्शन खरं तिथेच कमी होतं.

त्यासाठी पुढच्या फॉलोअपला स्किनच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्या. रोज काय लावायचं, भडकलं की काय, किती दिवस, चेहऱ्याला कुठली ट्यूब आणि अंगाला कुठली, सगळं. तो कागद फ्रिजवर लावा म्हणजे बाबा, आजी, सांभाळणाऱ्या मावशी, सगळे तेच करतील. औषधाची ट्यूब "किती लावू" याचं साधं माप आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत पिळलेली क्रीम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती बोटं धरून दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते (तळहातसुद्धा मोठ्या माणसाचे).

भडकल्यावर लावायची ट्यूब बहुतेकदा स्टिरॉइडची, म्हणजे सूज-खाज उतरवणाऱ्या औषधाची असते. स्टिरॉइड म्हटलं की घरात सगळे दचकतात, मग भीतीने पुसटशी लावतात, चट्टा जात नाही, आणि "औषध लागू पडत नाही" म्हणून अजून घोर. डॉक्टरांनी सांगितलेली ट्यूब सांगितलेल्या जागी तेवढेच दिवस लावली तर घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते मेडिकलमधून परस्पर आणलेल्या मिक्स ट्यूबला, ज्यात स्ट्रॉंग स्टिरॉइड, फंगसचं औषध, अँटिबायोटिक सगळं एकत्र असतं. 2018 मध्ये सरकारने बऱ्याच स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी त्या सर्रास मिळतात. शेजारच्यांच्या पोराला "एकदम गुण आला" म्हणून तीच आणू नका प्लीज.

अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटं, डाळीचं पीठ किंवा उटणं चोळायचं नाही, टॉवेलने टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. ते भरपूर लागतं, पूर्ण अंगाला लावायचं तर आठवड्याला अडीचशे ग्रॅमपर्यंत जाऊ शकतं, त्यामुळे खर्चाचं दडपण येतं हे अगदी खरं आहे. डॉक्टरांना न लाजता सांगा की महिन्याला एवढंच जमेल. साधी बिनवासाची पेट्रोलियम जेलीही बऱ्याच मुलांना चालते.

आता रात्र. आईबाबांनी आलटून पालटून घ्या, आज ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं, कारण एकाच खोलीत दोघंही जागे राहतात. एकट्याने सांभाळत असाल तर आठवड्यातली एखादी रात्र आजीकडे, मावशीकडे मागून घ्या. ज्याची पाळी आहे त्याने नेहमी ठरलेलंच करायचं, फ्रिजमधलं गार मॉइश्चरायझर, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, पंखा, नखं आधीच कापलेली. "खाजवू नको" म्हणून ओरडायचं नाही, पोराला ते थांबवता येत नाही. त्यापेक्षा "इथे थोपट, दाबून धर" सांगा.

आणि नातेवाईक. "गरोदरपणात काय खाल्लंस", "दूध-दही बंद कर", "आमच्या पिंट्याला होईल का". आईला हे फार लागतं. एक्झिमाची लागण होत नाही, तो आईच्या खाण्याने होत नाही, बऱ्याचदा घराण्यात दमा, सर्दीची अ‍ॅलर्जी असते आणि काही मुलांत त्वचा धरून ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं प्रोटीनच कमी बनतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दूध-अंडं बंद केलं तर पोराची वाढ मार खाऊ शकते. लग्नाकार्यात एकच वाक्य ठेवा, "ट्रीटमेंट चालू आहे, लागण होत नाही", आणि विषय बदला, ही चर्चा बाबांच्या बाजूच्या लोकांशी बाबांनीच करायची.

डॉक्टरांकडे फक्त पोराचे चट्टे दाखवून निघू नका, तुमची झोप किती मोडते तेही सांगा, त्यावरून औषधं बदलू शकतात. घरच्यांवर किती ताण येतो हे मोजायला दहा प्रश्नांची, 30 मार्कांची एक प्रश्नावलीच आहे, त्यात स्वयंपाक, खरेदी, खर्च, घरच्यांची झोप, नात्यातली कुरबुर सगळं विचारतात, म्हणजे हे रडगाणं नाही, आजाराचाच भाग आहे.

पिवळी खपली, पाणी गळणं, ताप आला तर थांबू नका, आणि दुखणारे एकसारखे बारीक फोड झुपक्याने उठले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि तुम्हालाच रोज रडू येत असेल, पोरावर हात उगारला जाईल असं वाटत असेल, तर पोराला घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या आणि 14416 लावा, सरकारची टेली-मानस, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.