लिगुरियाच्या डोंगरात घर घ्यायचंय? आधी गडगे बघा

इटलीत लिगुरियाला समुद्र दिसणारं जुनं दगडी घर बघितलं की माणूस तिथेच हो म्हणून मोकळा होतो, पण कळकळीने सांगतो, पहिल्या भेटीत समुद्राकडे पाठ करा आणि घरामागचा उतार बघा. तिथली शेती सगळी पायऱ्यापायऱ्यांची, आणि ती माती धरून ठेवतात बिनचुन्याच्या रचलेल्या दगडी भिंती, म्हणजे कोकणातले गडगेच की! कसणारे गेले की गडगे फुगतात, ढासळतात आणि मोठ्या पावसात सगळं खाली. २५ ऑक्टोबर २०११ ला व्हेर्नात्सा आणि मोंतेरोसो या गावांत असाच चिखल घराघरांत घुसला होता. म्हणून जूनमध्ये नको, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात जा, पाणी कुठून येतं नि कुठे जातं ते डोळ्यांनी बघा, आणि दारापर्यंतची वाट दुसऱ्याच्या जमिनीतून असेल तर तो हक्क कागदावर आहे का तेही विचारा.

कागदांचं म्हणाल तर सातबाऱ्यावर वीस नावं असतात ना, तसंच तिथेही, वारस चार गावांना पांगलेले आणि सही प्रत्येकाची हवी. नोंदीतला नकाशा आणि उभं घर जुळतंय का हे बघायला स्वतःचा जेओमेत्रा, म्हणजे घर-जमीन मोजून कागद तपासणारा तिथला सर्व्हेअर, लावा, एजंटने आणलेला नको, कारण गोठ्याची बेडरूम झालेली असते आणि परवानगीचा पत्ता नसतो. सोबत शेतजमीन असेल तर शेजारी स्वतः कसणाऱ्या शेतकऱ्याचा खरेदीचा पहिला हक्क, त्याला रीतसर कळवून ३० दिवस थांबावं लागतं, टाळलंत तर वर्षभरात तो ती जमीन त्याच किमतीत मागू शकतो.

जेओमेत्राचा रिपोर्ट येईपर्यंत बयाणा देऊ नका. तुम्ही मागे फिरलात तर बयाणा गेला, विकणारा फिरला तर त्याने दुप्पट द्यायचा. नोटरी, म्हणजे तिथे खरेदीखत करणारा अधिकारी, तुम्ही निवडा, फी तुम्हीच भरणार आहात, आणि भारतीय पासपोर्टवर खरेदी करता येते का हे त्यालाच सगळ्यात आधी विचारा, तिथे परस्पर सवलतीचा नियम आहे, म्हणजे इटालियन माणसाला भारतात घर घेता येत असेल तरच भारतीयाला तिथे. कोदिचे फिस्काले म्हणजे तिथलं पॅन, ते लागतंच. खासगी माणसाकडून दुसरं घर म्हणून घेतलंत तर ९ टक्के नोंदणी कर, तोही सहसा सरकारी मूल्यावर, म्हणजे बाजारभावापेक्षा बराच कमी. भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात.

आणि घर घेतलं म्हणून राहायचा परवाना मिळत नाही हं, शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९०च दिवस, मग उरलेल्या दिवसांत गडग्यांकडे कोण बघणार, ते काम करेल अशा गावातल्या माणसाशी सही करायच्या आधीच बोलून ठेवा.