क्वालिटीत नवीन आलात? जॉबसोबत मायक्रोमीटरचंही मटेरियल बघा

डिप्लोमा किंवा आयटीआय करून रबाळे, महापे, तुर्भे नाहीतर वागळे इस्टेटला क्वालिटीत, म्हणजे माल मोजून तपासणाऱ्या विभागात, लागलेल्यांसाठी लिहितोय. जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, गरम झाला की किती वाढतो? लांबी गुणिले कोएफिशियंट (त्या मटेरियलच्या वाढीचा आकडा) गुणिले तापमानातला फरक, हे तुम्हाला येतंच. स्टील ११.५, अॅल्युमिनियम २३, पितळ १९, कार्बाइड ५ च्या आसपास, सगळं एका मीटरला एका डिग्रीमागे इतके मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढं पाठ असलं तरी रोजचं काम निघतं.

आता खड्डा कुठे आहे ते नीट ऐका. ड्रॉइंगवरचं माप २० डिग्रीचं असतं, १९३१ पासून जगभर हेच धरतात. मे महिना, पत्र्याची शेड, शॉपमध्ये ३५ डिग्री. २०० मिमीचा स्टीलचा जॉब, फॉर्म्युला लावला की ३४.५ मायक्रॉन वाढ येते आणि नवीन पोरगं लगेच रीडिंगमधून तेवढे वजा करून मोकळं होतं. अरे पण ज्याने मोजताय तो मायक्रोमीटर पण स्टीलचाच आहे ना, तो पण त्याच शेडमध्ये ३५ डिग्रीवर पडलाय, म्हणजे तोही तेवढाच वाढलाय. दोघं एकाच तापमानाला असतील तर रीडिंग जसंच्या तसं बरोबर, वजा केलंत की चांगला जॉब अंडरसाइज म्हणून बाजूला गेला. अॅल्युमिनियमचा जॉब असेल तर तो वाढला ६९, मायक्रोमीटर ३४.५, म्हणजे करेक्शन फक्त मधल्या फरकाचं, ३४.५ चं, पूर्ण ६९ चं नाही. परत सांगतो, कोएफिशियंट दोन लागतात, जॉबचा एक आणि ज्याने मोजताय त्याचा एक. म्हणूनच मला ते मोबाइलवरचे कॅल्क्युलेटर आवडत नाहीत, बहुतेक एकच कोएफिशियंट विचारतात आणि आकडा मात्र एकदम ऐटीत देतात.

हे सगळं दोघं एकाच तापमानाला असतील तरच. सीएनसी मशीनवरून आत्ता उतरवलेला जॉब मायक्रोमीटरपेक्षा ५ डिग्री गरम असेल तर २०० मिमीच्या स्टीललाही ११.५ मायक्रॉनचा फरक पडतोच. दोन्ही सरफेस प्लेटवर (मोजायच्या सपाट टेबलावर) शेजारी ठेवा, अर्ध्या तासाने मोजा, परत थोड्या वेळाने मोजा, आकडा हलत असेल तर अजून थांबा. प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे राहतील, राहू देत. स्लिप गेज (ठरलेल्या मापाचे ठोकळे) उघड्या हाताने धरून गप्पा मारू नका, हाताने ते गरम होतात. आणि सीएमएमवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मोजायच्या मशीनवर) सॉफ्टवेअरमध्ये कोएफिशियंट टाकलेला असेल तर वरून हाताने परत करेक्शन करू नका, हा डबल करेक्शनचा घोळ नंतर रिपोर्टमध्ये शोधायला फार जीव जातो.

घाबरून जाऊ नका पण. ३० मिमीच्या अॅल्युमिनियमच्या जॉबला याच शेडमध्ये हा फरक जेमतेम ५ मायक्रॉन, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ±०.०५ मिमी असेल तर विसरा आणि जेवायला जा.

कोएफिशियंटच्या टेबलबद्दल दोन गोष्टी. नुसतं एसएस (स्टेनलेस स्टील) लिहिलं असेल तर ग्रेड विचारा, ३०४ चा १७.३ आणि ४१० चा १० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुपटीचा खेळ. आणि स्टीलला ६.४ दिसलं तर ते अमेरिकन टेबल आहे, फॅरनहाइटचं, १.८ ने गुणा. कोर्सवर पैसे घालण्यापेक्षा लाइनवरचा जुना माणूस धरा असं माझं मत, जॉबला हात लावून 'अजून गरम आहे' म्हणतो ते बहुतेक वेळा खरं निघतं. फक्त का ते तो सांगणार नाही, ते तुम्ही गणित करून बघा.

इंटरव्ह्यूला हमखास येणारं: रिंग तापवली तर भोक मोठं होतं की छोटं? मोठंच होतं, म्हणून तर बेअरिंग गरम करून शाफ्टवर चढवतात. स्टीलच्या रिंगचा १०० मिमी बोअर (भोक) ८० डिग्रीने तापवला की साधारण ०.०९ मिमी उघडतो, हा आकडा तोंडावर असू द्या.

प्लास्टिक आलं की मात्र मेटलची सवय सोडा. नायलॉनचा कोएफिशियंट ८० च्या घरात, त्यात तो हवेतलं पाणी पितो, जुलैमध्ये नवी मुंबईत तापमान तेच असूनही जॉब फुगतो आणि कुठलंच तापमानाचं करेक्शन त्याला पुरत नाही. असे जॉब पिशवीत सील करून ठेवा आणि रिपोर्टवर तापमानाशेजारी ह्युमिडिटी पण लिहा.