गांबियात शिकवायला जाण्याआधी करायची तयारी

पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशात एखादे शालेय सत्र स्वयंसेवक म्हणून शिकवण्याचा विचार महाराष्ट्रातील जे शिक्षक, निवृत्त शिक्षक किंवा नुकतेच पदवीधर झालेले तरुण करत असतील, त्यांच्यासाठी ही यादी आहे. तिच्यात सामान कमी आणि चौकशी जास्त आहे, ते मुद्दामच. बॅग आठ दिवसांत भरून होते. पण ज्या शाळेत आपण जाणार, तिला आपली गरज नेमकी कशासाठी आहे हे समजून घ्यायला काही महिने लागतात, आणि ते समजले नसेल तर बाकीची तयारी कितीही चोख असली तरी उपयोगी पडत नाही.

सुरुवात नकाशापासून करावी. गांबिया हा आफ्रिका खंडाच्या मुख्य भूमीवरील सर्वांत लहान देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडेसेच जास्त. अटलांटिकचा छोटा किनारा सोडला तर तिन्ही बाजूंनी सेनेगल आहे आणि मधोमध वाहणाऱ्या गांबिया नदीच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी म्हणजे हा देश. राजधानी बांजुल नदीच्या मुखाशी आहे. वस्ती, बँका, मोठी रुग्णालये आणि पर्यटकांची हॉटेले सेरेकुंडा आणि आसपासच्या किनारी भागात एकवटली आहेत. आपली शाळा किनाऱ्याजवळ आहे, जानजानबुरेसारख्या मधल्या गावात आहे, की पूर्वेला बासेच्या बाजूला आहे, हे पहिल्याच पत्रात विचारावे, कारण वीज, पाणी, दवाखाना आणि बाजार यांची सगळी गणिते त्यावर ठरतात. नदी ओलांडायची असेल तर बांजुलहून पलीकडच्या काठावरील बारा या गावापर्यंत फेरीबोट आहे आणि फाराफेन्नीजवळ २०१९ साली खुला झालेला सेनेगांबिया पूल आहे. फेरीबोटीला किती वेळ लागेल याचा भरवसा धरू नये. तिकीट काढताना उतरण्याचे विमानतळ बांजुल, संकेत बीजेएल, असल्याची खात्री करून घ्यावी, कारण झांबिया आणि गांबिया यांची गल्लत प्रवासी कंपन्यांकडूनही होते. मुंबईहून थेट विमान नाही. इस्तंबूल किंवा कासाब्लांका असे मार्ग पडतात, आणि युरोपातून जाणारा मार्ग निवडला तर तिथे नुसते विमान बदलण्यासाठी व्हिसा लागतो का, हे तिकिटाचे पैसे भरण्याआधी पाहावे.

यानंतरचा भाग माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर घाई करू नये. ज्या संस्थेमार्फत आपण जाणार, तिला लेखी प्रश्न विचारावेत: शाळेने स्वतः स्वयंसेवक मागितला आहे का, कोणत्या विषयासाठी, आणि आपण गेल्यानंतर तो वर्ग कोण घेणार? आपल्या येण्यामुळे एखाद्या स्थानिक शिक्षकाची जागा भरायची राहणार आहे का? आपण भरलेल्या शुल्कातील किती रक्कम शाळेपर्यंत पोहोचते? बालसंरक्षणाचे लेखी धोरण आहे का, आणि ते नसेल तर का नाही? या प्रश्नांवर जी संस्था गोलमोल उत्तरे देते, तिच्यामार्फत जाऊ नये. मुक्कामाचा कालावधी शक्यतो एक पूर्ण सत्र ठेवावा. दोन आठवड्यांसाठी येणारा पाहुणा मुलांना आवडतो, पण तो निघून जाईपर्यंत त्याला वर्गातील मुलांची नावेही नीट पाठ झालेली नसतात, आणि त्या दोन आठवड्यांत मागे पडलेला अभ्यास भरून काढण्याचे काम तिथल्या शिक्षकाच्या माथी येते.

शाळांची रचना आधीच समजून घ्यावी. पहिली ते सहावी हा कनिष्ठ मूलभूत टप्पा, सातवी ते नववी वरिष्ठ मूलभूत आणि दहावी ते बारावी माध्यमिक. नववीच्या शेवटी आणि बारावीच्या शेवटी मोठ्या परीक्षा असतात. बारावीची परीक्षा पश्चिम आफ्रिकी परीक्षा मंडळाची असते, आणि घाना, नायजेरिया यांसारख्या देशांतील मुलेही त्याच मंडळाच्या परीक्षेला बसतात. वरच्या वर्गांना गणित किंवा विज्ञान शिकवणार असाल तर त्या मंडळाचा अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका येथूनच छापून न्याव्यात आणि आपल्या दहावी-बारावीच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहाव्यात. शालेय वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होऊन जुलैपर्यंत चालते. वर्गखोल्या अपुऱ्या असल्याने अनेक शाळा सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत भरतात, त्यामुळे आपली तासिका संपली की फळा पुसून खोली लगेच रिकामी करावी लागते. तिथे तक्ते भिंतीला कायमचे लावून ठेवायची योजना आखू नये, गुंडाळून नेता येतील असे कापडी तक्ते करावेत.

गांबिया १८ फेब्रुवारी १९६५ रोजी ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला आणि इंग्रजी ही तिथली राजभाषा व शाळेची भाषा राहिली. घरात मात्र मूल मांडिंका, फुला, वोलोफ, जोला किंवा सेराहुले बोलते. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या आश्रमशाळेत ज्यांनी काम केले आहे, त्यांना ही परिस्थिती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही: पाठ्यपुस्तकातील भाषा मुलाच्या घरी कुणीच बोलत नाही, मूल गप्प बसते, आणि नवा शिक्षक त्याच्या गप्प बसण्यावरून त्याला समजत नाही असा निष्कर्ष काढतो. म्हणून शाळेच्या परिसरात कोणती भाषा चालते ते विचारून तिच्यातील अंक, शरीराचे अवयव, ‘बस’, ‘ऊठ’, ‘ऐक’, ‘पुन्हा सांग’ असे शंभरेक शब्द जाण्याआधी पाठ करावेत. वर्गातील स्थानिक शिक्षक किंवा शिक्षिका हीच आपली खरी जोडीदार असते. पहिला आठवडा मागच्या बाकावर बसून तिचा वर्ग पाहण्यासाठी राखून ठेवावा आणि आपला प्रत्येक पाठ तिच्याबरोबर बसूनच आखावा. तिथे बहुतेक पात्र शिक्षक ब्रिकामा येथील गांबिया कॉलेजातून शिकून येतात. त्यांना शिकवायला आपण निघालेलो नाही, ही गोष्ट मनाशी पक्की करूनच विमानात बसावे.

शैक्षणिक साहित्य नेताना एकच कसोटी लावावी: आपण परत आल्यावर ते तिथे मिळेल का, दुरुस्त होईल का? प्रोजेक्टर आणि टॅबलेट या कसोटीला बहुधा उतरत नाहीत. मोजणीसाठी चिंचोके उत्तम, आणि चिंच तिथेही होते. भुईमूग तर त्या देशाचे प्रमुख पीकच आहे, त्यामुळे शेंगांची पोती, वजन, भाव, नफा-तोटा ही गणिते मुलांच्या घरातलीच असतात, आणि आपल्या पुस्तकातील रेल्वेगाड्यांच्या वेगाची गणिते तिथे नेण्यात अर्थ नाही. विज्ञानासाठी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेमध्ये अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे रुजवलेली टाकाऊ वस्तूंपासूनची खेळणी फार उपयोगी आहेत. त्यांच्या कृती इंटरनेटवर मोफत मिळतात. काडेपेटी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, बाटलीची झाकणे, चुंबक आणि तांब्याची तार एवढ्यावर निदान दहा प्रयोग घरी स्वतःच्या हातांनी करून पाहावेत. खडू, डस्टर, सुई-दोरा, कात्री, चिकटपट्टी आणि जाड मार्कर पेन सोबत असू द्यावेत. रस्त्यात मुलांना पेन, गोळ्या, फुगे वाटू नयेत; जे द्यायचे ते मुख्याध्यापकांच्या हाती द्यावे.

कागदपत्रांची फाईल लवकर सुरू करावी. व्हिसाचे नियम दिल्लीतील गांबियाच्या उच्चायुक्तालयाकडून लेखी विचारून घ्यावेत, आणि सत्रभर राहायचे असल्याने तिथे निवासाचा परवाना कोण काढून देणार हे संस्थेकडून ठरवून घ्यावे. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलिस पडताळणीचा दाखला घ्यावा. संस्थेने मागितला नाही तरी घ्यावा, कारण मुलांमध्ये काम करणाऱ्याने तो दाखवायलाच हवा. गांबियातील भारताशी संबंधित कामकाज सेनेगलमधील डकार येथील भारतीय दूतावास पाहतो. पोहोचल्यावर तिथे नावनोंदणी करावी आणि त्यांचा क्रमांक घरीही देऊन ठेवावा.

आरोग्याची तयारी निघण्याच्या किमान आठ आठवडे आधी सुरू करावी. पीतज्वराची लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि तिचा दाखला टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरला जातो. हा पिवळा दाखला पासपोर्टला जोडूनच ठेवावा, कारण तो नसेल तर परत येताना भारताच्या विमानतळावरच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. साठीच्या पुढच्या व्यक्तींनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी ही लस घेण्याआधी डॉक्टरांशी सविस्तर बोलावे. गांबिया आफ्रिकेतील मेंदुज्वराच्या (मेनिन्जायटिसच्या) पट्ट्यात येतो आणि कोरड्या ऋतूत त्याचा धोका वाढतो, म्हणून ती लस, तसेच विषमज्वर, हिपॅटायटिस-ए आणि पोलिओ यांबद्दलही विचारावे. मलेरिया तिथे बहुतांशी फाल्सिपारम जातीचा, म्हणजे जिवावर बेतू शकणारा असतो, आणि पावसाळा संपतानाच्या महिन्यांत तो सर्वाधिक असतो. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील, आपण त्या एकही दिवस चुकवू नयेत. मच्छरदाणी औषध लावलेलीच न्यावी. अशा मच्छरदाण्यांमुळे बालमृत्यू कमी होतात हे दाखवणारे महत्त्वाचे संशोधन १९८०च्या दशकाच्या अखेरीस याच देशातील खेड्यांमध्ये झाले, तेव्हा तिथल्या आया तिचे मोल आपल्यापेक्षा जास्त जाणतात. डिसेंबरपासून सहारातून येणारा हरमाटन वारा धूळ आणतो. दमा असणाऱ्यांनी इनहेलर मोजूनच नव्हे, जास्तीचे न्यावेत. नदीकाठच्या गोड्या साचलेल्या पाण्यात उतरू नये, त्यातून शिस्टोसोमा या कृमीची लागण होते. वैद्यकीय विमा घेताना रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे ना, हे शब्दशः वाचून घ्यावे.

औषधांच्या बाबतीत भारतीयाने एक गोष्ट विशेष जाणून असावी. २०२२ साली गांबियात ६०हून अधिक लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ५ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात बनलेल्या चार सिरपांबद्दल इशारा दिला. त्यांत डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल ही विषारी द्रव्ये आढळली होती. त्या मुलांचे आईवडील, भावंडे, शेजारी त्या देशात आहेत, कदाचित आपल्याच वर्गात असतील. स्वतःची औषधे चिठ्ठीसह न्यावीत, पण कुणाच्या मुलाला आपल्या पिशवीतले औषध कधीही देऊ नये, आणि हा विषय निघाला तर कुणाची बाजू न घेता ऐकून घ्यावे.

कपडे सुती, सैल, खांदे आणि गुडघे झाकणारे असावेत. सलवार-कमीज तिथे अगदी शोभते. बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत, त्यामुळे शुक्रवारची दुपार, रमजान, कोरिते (रमजान ईद) आणि तोबास्की (बकरी ईद) हे सण धरूनच पाठांचे नियोजन करावे. रमजानमध्ये मोठी मुले आणि शिक्षक दिवसभर पाणीही घेत नाहीत, तेव्हा अवघड पाठ सकाळी उरकावेत आणि त्यांच्यासमोर बाटली तोंडाला लावू नये. नमस्कार-चमत्काराला तिथे फार मान आहे. घरच्यांची, कामाची, तब्येतीची विचारपूस झाल्याशिवाय कामाचे बोलणे सुरू होत नाही. खेड्यात पोहोचल्यावर प्रथम अल्कालोंना, म्हणजे गावप्रमुखांना, भेटायला जावे आणि सोबत कोला नट, म्हणजे मान म्हणून देतात त्या कडवट बिया, न्यावेत.

जेवण एका मोठ्या परातीत येते. तळाशी भात, मध्यभागी भाजी, मासे किंवा मांस. सगळे भोवती बसतात, उजव्या हाताने आपापल्या समोरचेच खातात आणि घरातील मोठी बाई मधला तुकडा मोडून पाहुण्याच्या बाजूला सरकवते. शाकाहारी माणसाने परात समोर आल्यावर नाही म्हणू नये, राहण्याची व्यवस्था ठरतानाच यजमानांना सांगून ठेवावे. दोमोदा हा शेंगदाण्याच्या दाट रश्शाचा पदार्थ मांसाशिवायही उत्तम होतो, पण सुकी मासळी चवीसाठी सहज घातली जाते, म्हणून तेही स्पष्ट बोलावे. सोबत एक डबा गोडा मसाला आणि थोडी मेतकूट असली तर यजमानांच्या स्वयंपाकघरात बोलणे सुरू व्हायला मदत होते.

पैशांसाठी डॉलर किंवा युरोच्या नोटा न्याव्यात, रुपये बदलून मिळत नाहीत. स्थानिक चलन दलासी. एटीएम किनारी भागात आहेत, आत गेल्यावर त्यांच्यावर विसंबू नये. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे, आणि व्होल्टेज आपल्यासारखेच. वीज जाते, म्हणून सौर दिवा आणि पॉवर बँक घ्यावी. प्रवास गेले-गेले नावाच्या व्हॅनने होतो; आपल्या वडापसारखीच ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा मोठी बॅग टाळावी. वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे, हे घरच्यांना सांगून फोनची वेळ ठरवावी.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम स्वतःपुरते लिहून काढावेत आणि पाळावेत. किनारी पर्यटनात मुलांचे शोषण झाल्यामुळे या देशाला कडक कायदे करावे लागले आहेत, आणि परदेशी माणसाकडे तिथे सावधपणे पाहिले जाते, ते योग्यच आहे. एकट्या मुलाला खोलीवर बोलावू नये, पालक आणि शाळेच्या परवानगीशिवाय फोटो काढू नये, आणि मिळाली तरी मुलाचे नाव व गाव सांगणारा फोटो कुठेही टाकू नये. वर्गात छडीचा वापर दिसला तर मुलांदेखत बोलू नये. मुख्याध्यापकांशी नंतर, एकांतात आणि नम्रपणे बोलावे.

परतीची तयारीही आताच ठरवावी. कोणता पाठ कुठवर झाला, कोणते मूल कुठे अडते, कोणता प्रयोग चालला आणि कोणता फसला, याची वही रोज इंग्रजीत ठेवावी आणि निघताना ती जोडीदार शिक्षिकेला द्यावी. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत परत आल्यावरही चालू ठेवाव्यात, आणि त्यानंतरच्या वर्षभरात कधीही ताप आला तर आपण गांबियात राहून आलो आहोत हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.