ब्रिटनचा निकाल लागला की तिकडच्या आपल्या माणसाला काय लिहायचं

१३ डिसेंबर २०१९, शुक्रवार. सकाळचे साडेसहा वाजले असतील, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत चांगली थंडी पडलेली, मी चहा गॅसवर ठेवला आणि फोन उघडला तर घरच्या ग्रुपवर माझ्या भावानं फटाक्यांचं चित्र टाकून लिहिलेलं, "सुटला एकदाचा ब्रेक्झिटचा गुंता, अभिनंदन सगळ्यांचं". आणि त्याच्या बरोबर खाली ती करड्या अक्षरातली ओळ, भाचीनं ग्रुप सोडल्याची. माझ्या बहिणीची मुलगी, स्कॉटलंडमध्ये एडिंबरात नोकरीला आहे. तिनं एक शब्द लिहिला नव्हता. आदल्या दिवशी ब्रिटनमध्ये निवडणूक झाली होती, आणि ब्रेक्झिट, म्हणजे युरोपियन युनियन सोडणं, पार पाडू म्हणणारा हुजूर पक्ष, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह, जिंकत होता.

दोन दिवस तिनं कुणाचाच फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी माझा उचलला आणि म्हणाली, मावशी, ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक पोलंडचा मुलगा बसतो, सहा वर्षं झाली, परवा रात्री तो रडत होता आणि मामा फटाके लावतोय. माझ्याकडं भारताचा पासपोर्ट असून मला मत देता आलं आणि त्याचं सगळं घरदार इथं असून त्याला ते देता आलं नाही.

आता भावाची बाजूही सांगते, कारण तो काही वाईट माणूस नाही. उद्यमनगरात त्याचं मशीन शॉप आहे, बर्मिंगहॅमच्या एका कंपनीला तो जॉब, म्हणजे सुटे भाग, करून पाठवायचा, आणि २०१६ च्या सार्वमतापासून साडेतीन वर्षं तिकडून एकच उत्तर, थांबा, ब्रेक्झिटचं काय होतंय बघू, मग ऑर्डर. त्याला त्या रात्री एवढंच दिसलं की आता काहीतरी एक ठरणार. त्याचा आनंद खरा होता आणि पोरीचं रडणंही खरं होतं, पण दोघांनी एकमेकांना विचारलंच नाही की तुझं नक्की काय अडलंय, आणि पुढं वर्षभर मामा-भाची बोलत नव्हते. दिवाळीलासुद्धा नाही.

म्हणून तेव्हापासून ब्रिटनची निवडणूक आली की मी काही गोष्टी ठरवून करते. कोल्हापुरातल्या किती तरी घरातली पोरं आता तिकडं आहेत, कुणी नर्स, कुणी आयटीत, कुणी शिकायला गेलेलं, त्यांच्या घरच्यांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहिते.

सगळ्यात आधी घड्याळ बघायचं. तिकडं मतदान गुरुवारी असतं, सकाळी ७ ते रात्री १०, आणि दहाच्या ठोक्याला बीबीसी, आयटीव्ही आणि स्काय या तिघांचा मिळून एकच एक्झिट पोल येतो. थंडीत निवडणूक असेल तर तेव्हा आपल्याकडं पहाटेचे साडेतीन झालेले असतात, उन्हाळ्यात अडीच. हा पोल आपल्याकडच्या पोलसारखा नसतो, मतदान करून बाहेर पडलेल्या वीसेक हजार लोकांकडून परत एक मतपत्रिका भरून घेतात, आणि तो बऱ्याचदा अगदी जवळ जातो. २०१९ ला हुजूर पक्षाला ३६८ जागा सांगितल्या, मिळाल्या ३६५. २०२४ ला मजूर म्हणजे लेबर पक्षाला ४१०, मिळाल्या ४११. पण २०१५ ला हुजूर पक्षाला ३१६ सांगितल्या होत्या आणि आल्या ३३०, म्हणजे आघाडी करावी लागणार असं वाटत असताना स्वतःचं बहुमत आलं. तिकडं ईव्हीएम नाही, कागदी मतपत्रिका रात्रभर हातानं मोजतात, त्यामुळं खरं चित्र आपल्याकडं सकाळी चहा-नाश्त्याच्या वेळेला स्पष्ट होतं. तोवर ग्रुपवर काहीही टाकू नका. आपण झोपून उठलेले असतो, तिकडं माणूस रात्रभर टीव्हीसमोर बसून लाल डोळ्यांनी आपला मेसेज वाचत असतो, हा फरक लक्षात ठेवा.

मग आकडे बघायचे, आणि दोन आकडे बघायचे, जागांचा आणि मतांचा. ही पायरी कृपा करून गाळू नका, कारण निकालानंतर जे काही भांडण होतं त्याचं मूळ इथं आहे. एकूण जागा ६५०, बहुमताला ३२६. पद्धत आपलीच आहे, म्हणजे आपण त्यांचीच घेतली, मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून, मग ती निम्म्याहून कमी असली तरी चालतात. २०१९ ला हुजूर पक्षाला ४३.६ टक्के मतांवर ३६५ जागा मिळाल्या, म्हणजे बाकी सगळ्यांच्या मिळून जागांपेक्षा ८० जास्त. मग त्यांचा माणूस म्हणणार देशानं स्पष्ट कौल दिला, आणि दुसरा म्हणणार शंभरातल्या छप्पन्न जणांनी यांना मतच दिलं नाही, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत. २०२४ ला तर मजूर पक्षाला ३३.७ टक्क्यांवर ४११ जागा! त्याच निवडणुकीत स्थलांतरावर कडक निर्बंध मागणाऱ्या रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मतं आणि ५ जागा, आणि लिबरल डेमोक्रॅटना त्याहून कमी, १२.२ टक्के, पण जागा ७२. कारण लिबरलांची मतं ठरावीक मतदारसंघात गोळा झालेली आणि रिफॉर्मची देशभर विखुरलेली. रिफॉर्मला मत दिलेला माणूस चिडला तर तो कुठल्या विचाराचा आहे हे बाजूला ठेवून एवढं तरी मान्य करावं लागतं की त्याच्या मताचं वजन कमी पडलं. २०११ ला ही पद्धत बदलायची का म्हणून सार्वमत झालं होतं, लोकांनीच दोन तृतीयांशाहून जास्त मतांनी नको म्हणून सांगितलं.

आणखी एक, तिकडचा मतदारसंघ लहान असतो. आता साधारण ७० ते ७७ हजार मतदारांचा. आपला एक कोल्हापूर लोकसभा मतदारसंघ एकोणीस लाखांच्या आसपास. त्यामुळं तिथं थोड्या मतांनी मोठी माणसं पडतात. २०१९ ला लिबरल डेमोक्रॅटांच्या नेत्या जो स्विन्सन स्वतःच्या मतदारसंघात १४९ मतांनी हरल्या. २०१७ ला नॉर्थ ईस्ट फाइफमध्ये फरक होता २ मतांचा, दोन! एवढ्याशा फरकात निकाल लागला की माणूस शेजारच्या घराकडं बघून म्हणतो, यांनीच केलं. म्हणून तिकडची चीड पुष्कळदा पक्षावरची कमी आणि गल्लीतल्या माणसावरची जास्त असते, आपल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर असते तशी. हे कळलं की आपल्या पोरीच्या आवाजातला राग समजायला सोपं जातं.

यानंतर तुमचा माणूस राहतो कुठं ते बघा. लंडनचं वारं वेगळं, लेस्टरचं वेगळं, एडिंबराचं तर देशच वेगळा म्हणा. २०१६ ला एकूण ब्रिटननं ५१.९ टक्क्यांनी युरोपियन युनियन सोडायचं ठरवलं पण स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोक राहायचं म्हणत होते, आणि २०१९ ला तिथल्या ५९ पैकी ४८ जागा युनियनमध्ये राहायचं म्हणणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला गेल्या. म्हणजे भाचीच्या आजूबाजूला बहुतेक जण जे मागत होते ते मिळालं नाही आणि वरून मामाचं अभिनंदन आलं. उलट त्याच रात्री उत्तर आणि मध्य इंग्लंडमध्ये ब्लाइथ व्हॅली, बोल्सोव्हर असे जुने खाणकामगारांचे, पिढ्यान् पिढ्या मजूर पक्षाचे गड पडले, बोल्सोव्हरला डेनिस स्किनर १९७० पासून निवडून येत होते, तेही पडले. तिथल्या लोकांना अडाणी म्हणणारे मेसेज तेव्हा आपल्याकडंही फिरले, मला ते अजिबात आवडले नाहीत. खाण बंद पडल्यावर गावाचं काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको, शाहू मिल बंद पडली तेव्हाची घरं आपण बघितलीत, इचलकरंजीत माग थांबले की काय होतं तेही बघतोय. ते लोक चिडून वेगळीकडं वळले तर आधी कारण विचारावं.

रस्त्यावरचा आवाज किती मनावर घ्यायचा, तर बेतानं. निकालाच्या संध्याकाळी २०१९ ला लंडनमध्ये मोर्चा निघाला, 'हा माझा पंतप्रधान नव्हे' असे फलक घेऊन, आणि इकडं टीव्हीवर असं दाखवलं की जणू देश पेटलाय. भाचीला विचारलं तर ती म्हणाली इथं सगळे गपचूप कामाला गेलेत, बसमध्ये कुणी बोलत नाही एवढंच. सह्यांच्या मोहिमांचंही तसंच. २०१६ नंतर परत सार्वमत घ्या म्हणून ४१ लाखांवर सह्या झाल्या, नोव्हेंबर २०२४ मध्ये परत निवडणूक घ्या म्हणून वीस लाखांच्या वर झाल्या. नियम असा की १० हजार सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देतं आणि १ लाख झाल्या की संसदेत चर्चेला घ्यायचा विचार होतो, निकाल काही बदलत नाही. त्यामुळं 'सरकार पडणार' असा मेसेज आला तर पुढं ढकलू नका.

आता आपल्याकडच्या प्रतिक्रिया, कारण तिकडच्या पोरांना यांचा जास्त त्रास होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऐन लक्ष्मीपूजनादिवशी पंतप्रधान म्हणून ऋषी सुनक यांचं नाव ठरलं तेव्हा आपण पेढे वाटल्यासारखे मेसेज केले, आणि जुलै २०२४ ला ते हरले तेव्हा 'जावई हरला' म्हणून रडके चेहरे. तिकडं नर्स असलेल्या आपल्या मुलीला सुनक जावई म्हणून दिसत नाहीत, तिच्या पगाराचं आणि व्हिसाचं काय केलं एवढंच दिसतं. लेस्टर ईस्ट या भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या मतदारसंघाचंही तेच, शिवानी राजा हुजूर पक्षाकडून जिंकल्या, गीता हातात घेऊन शपथ घेतली, तो व्हिडिओ इकडं घराघरात पोचला आणि निष्कर्ष काढला की तिकडचे भारतीय सगळे हुजूर पक्षाचे. त्या मतदारसंघात त्यांना १४,५२६ मतं होती आणि मजूर पक्षाचे राजेश अग्रवाल यांना १०,१००, शिवाय दोन माजी खासदार वेगवेगळे उभे राहिलेले. मतं फुटली होती, भारतीयांचीही.

मत कुणाला दिलंस, हे विचारू नका. दिलंस का, एवढं चालतं, कारण आपल्यातल्या पुष्कळांना माहीतच नसतं की भारताचा पासपोर्ट असलेला माणूस तिथं कायदेशीर राहत असेल तर नाव नोंदवून संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो, कॉमनवेल्थमुळं, म्हणजे भारत राष्ट्रकुलात आहे म्हणून. भाचीनं पहिल्यांदा मत दिलं तेव्हा तिला सगळ्यात नवल वाटलं ते पेन्सिलीचं. चौकोनात शिसपेन्सिलीनं फुली मारायची, घडी करून पेटीत टाकायची, झालं. बोटाला शाई नाही. बाहेर येऊन मी सारखी बोट बघत होते मावशी, म्हणाली.

पहिला मेसेज माणसाबद्दल लिहायचा. झोपलीस का, आज ड्यूटी आहे का, घरातले काय म्हणतायत. पक्ष, पंतप्रधान, अभिनंदन, अरेरे, यातलं काही नको. ती आपणहून बोलली तर ऐकायचं आणि एकच विचारायचं, ह्यानं तुझं काय बदलणार? बहुतेक वेळा उत्तर कामाचं निघतं, घराचं भाडं, व्हिसा, आईवडलांना बोलवता येईल का. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांची फायनल झाली की हरलेल्या तालमीच्या दारात हलगी वाजवत थांबायचं नसतं हे कोल्हापुरात पोरासोरांना कळतं, तेच फोनवर पाळायचं.

व्हिसाची भीती घालू नका, आणि खोटी आशाही लावू नका. सरकार बदललं म्हणून दुसऱ्या दिवशी नियम बदलत नाहीत. शिकायला गेलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदाराला सोबत न्यायची बंदी जानेवारी २०२४ पासून आली, केअर वर्करना, म्हणजे म्हाताऱ्या-आजाऱ्यांची काळजी घ्यायला गेलेल्यांना, मार्च २०२४ पासून, ही हुजूर सरकारनं आणली आणि मजूर सरकार आल्यावर ती तशीच राहिली, उलट जुलै २०२५ मध्ये बाहेरून नवे केअर वर्कर घेणंच बंद केलं. एजंट निकालाच्या आठवड्यात 'आता सोपं होणार' म्हणून फोन करतात, त्यांना पैसे देण्याआधी ब्रिटिश सरकारच्या साइटवर स्वतः वाचा.

आणि आधीच भांडण झालं असेल तर? ग्रुपवर समेट करायला जाऊ नका, सगळ्यांसमोर कुणी माघार घेत नाही. ज्यानं दुखावलं त्यानं एकट्यानं फोन करायचा आणि निवडणुकीबद्दल एक वाक्य बोलायचं, फक्त एक. आमच्याकडं भावाला तयार करायला मला एक वर्ष लागलं. त्यानं फोन केला आणि म्हणाला, मला तुझ्या त्या पोलंडच्या पोराचं माहीत नव्हतं गं. मग तिनं विचारलं, मामा, ऑर्डरीचं काय झालं? तो गप्पच बसला, कारण ऑर्डर काही परत आली नव्हती, आणि पुढं अर्धा तास दोघं त्याच्या मशीनबद्दल बोलले.

५ जुलै २०२४ ला पहाटे अडीच वाजता तो जागा होता, मला माहितेय, कारण मीही होते. पोल आला, मजूर पक्ष ४१०, स्कॉटलंडमध्ये नॅशनल पार्टीचा धुव्वा. भाचीचा कौल कुठं होता ते आम्हाला आजही माहीत नाही. सकाळी साडेआठपर्यंत ग्रुप शांत. मग भावानं लिहिलं, "झोप झाली की फोन कर, पोराला विचार आंबे पोचले का." पोर म्हणजे तो पोलंडवाला, त्याच्यासाठी यानं पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर डझनभर पाठवलेले. तिकडं पहाटेचे चार वाजलेले होते. दोन मिनिटांत तिचं उत्तर आलं, "जागीच आहे मामा. दोन खराब निघाले, बाकीचे संपले."